कादंबरी संपावर आहे आणि संप काही संपत नाही, शेवट कुठे करू?

पानगळ

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

गेली तीन वर्षं मी एक कादंबरी लिहितेय. नोकरी आहे, घर आहे, त्यामुळे रोज पहाटे पाच ते साडेसहा एवढाच वेळ मिळतो. विषय १९८२ चा मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप. माझे आजोबा लालबागला राहायचे, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, म्हणजे विषय तसा घरातलाच, पण कादंबरीतली माणसं मी रचलेली आहेत. ६८ हजार शब्द झालेत आणि गेले चार महिने मी एकाच जागी अडकून पडलेय.

गोष्ट थोडक्यात अशी. विठू कणकवलीजवळच्या गावातला, मुंबईत एका गाळ्यात, म्हणजे चाळीतल्या खोलीत, पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपतो, शेवंतामावशीच्या खानावळीत जेवतो, गिरणीत आधी बदली (कोणी गैरहजर असेल तरच काम मिळणारा) आणि नंतर कायम. गावी आई, बायको, दोन पोरं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होतो आणि मग पुढे जे जे झालं ते सगळं येतं, मोर्चे, ऑगस्टमधलं पोलिसांचं आंदोलन, गणपतीला विठूचं रेल्वेने गावी जाणं, मग हळूहळू एकेक जण गाळा सोडून जाणं. दुसऱ्या बाजूला आजच्या काळात त्याची नात मानसी. ती लोअर परळला, जिथे गिरणी होती त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये नोकरीला आहे आणि तिला आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडते. एक प्रकरण तेव्हाचं, एक आत्ताचं, अशी २४ प्रकरणं झालीत.

अडचण अशी की तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसं एका सोमवारी बाहेर पडली आणि मग कोणी काही महिन्यांनी परत गेलं, कोणाला परत घेतलंच नाही, कोणी कायमचं गावी गेलं, गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. लिहिण्याबद्दल जे काही वाचलं त्यात सगळीकडे सुरुवात, मध्य, उत्कर्षबिंदू आणि शेवट असं सांगतात, पण माझ्याकडे उत्कर्षबिंदूच नाहीये, आहे ती नुसती ओहोटी. मी दोन शेवट लिहून बघितले. एक १९८३ चा, सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्या ताब्यात घेतल्या तिथला. दुसरा १६ जानेवारी १९९७ चा, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांची हत्या झाली त्या दिवसाचा. दोन्ही वेळा तो शेवट दुसऱ्याच कोणाच्या तरी गोष्टीचा वाटला. दोन्हीकडे विठू नुसता पेपर वाचत बसलाय.

आणि दुसरं म्हणजे दोन मैत्रिणींना वाचायला दिलं, दोघींनीही तेराव्या प्रकरणाला सोडलं. एकमेकींशी न बोलता. कारण विचारलं तर म्हणाल्या, छान लिहिलंयस गं, पण पुढे काय होईल असं वाटत नाही.

शेवट कुठे करायचा आणि ११ ते १९ या प्रकरणांचं काय करायचं, कृपया सांगा.

स्क्रीनवाला

ताई, मी मालिका लिहितो, त्यामुळे मला कादंबरीतलं फार कळतं असा दावा नाही, पण मधला भाग ढासळणं हे आमचं रोजचं दुखणं आहे म्हणून सांगतो. शेवटाचं नंतर बघा, आधी मधला भाग तपासा.

प्रत्येक प्रकरणासाठी एक कागद घ्या, त्यावर त्या प्रकरणात काय होतं ते एका ओळीत लिहा आणि सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडा. मग मधले कुठलेही दोन उचला आणि त्यांची अदलाबदल करा. समजा बारावं पंधराव्याच्या जागी ठेवलं. तरीही गोष्ट तशीच वाचता येत असेल, कुठे काही अडत नसेल, तर त्या दोन प्रकरणांत नुसता क्रम आहे, कथानक नाही. कथानक असेल तिथे कागद हलत नाही, कारण पंधराव्यात जे होतं ते बाराव्यात कोणीतरी काहीतरी केलं म्हणूनच होऊ शकतं. मला दाट शंका आहे की तुमच्या मोर्चा, पोलीस, गणपती या प्रकरणांत कागद सरसर हलतील, कारण त्यांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे कॅलेंडर. प्रकरणांना तारखांची शीर्षकं दिली असतील तर आत्ताच काढा, ती असली की लेखकाला उगाच वाटतं गोष्ट पुढे सरकतेय.

आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडा की वाचणाऱ्याने पान उलटलंच पाहिजे. आमच्याकडे ब्रेकच्या आधी जे करतात तेच.

रेघोट्या

मी थोडं वेगळं सांगू का? आयुष्याला कुठे उत्कर्षबिंदू असतो? संप विरत गेला तर कादंबरीही विरत जाऊ दे ना. मी दोन कादंबऱ्या लिहिल्या, एकीचा आधी पूर्ण आराखडा केला होता आणि ती मेलेली निघाली, दुसरी पुढे काय होणार हे माहीत नसताना लिहिली आणि ती जिवंत वाटली. कागद मांडून, चौकटी आखून माणसं लाकडाची होतात असं माझं प्रामाणिक मत आहे. पान उलटायला लावण्यासाठी ब्रेक घेतल्यासारखं तोडणं तर अजिबात करू नका, संपातल्या माणसाची वाट बघणं हे वाट बघण्यासारखंच वाचायला लागलं पाहिजे.

मृण्मयी_आर

रेघोट्या, आराखड्याशिवाय लिहिण्याबद्दल सहमत आहे, मीही तशीच लिहिते. पण ताईंचा पहिला ड्राफ्ट झालाय ना आता, ६८ हजार शब्द लिहून झालेत, मग आता तरी मांडून बघायला काय हरकत आहे? आणि वाट बघण्याबद्दल म्हणाल तर, माणूस कशाची वाट बघतोय आणि ते नाही आलं तर त्याचं काय जाणार आहे हे माहीत असलं की वाट बघण्याची शंभर पानंही वाचून होतात. ते माहीत नसलं की चार पानंही जड जातात.

पानगळ, मला दोन गोष्टी विचारायच्यात. पहिली, मानसीला हवंय काय? तिला ट्रंक सापडते हे कळलं, ती ट्रंक उघडून हळवी होते हेही समजू शकते, पण ती ट्रंक उघडली नसती तर तिचं काय अडलं असतं? दुसरी, ट्रंकेत नक्की काय काय आहे ते एक एक करून सांगाल का? मी उगाच विचारत नाहीये.

परळकर_काका

मुली, तुझा धागा वाचून राहवलं नाही. माझं वय ७१. आमची आई परळला खानावळ चालवायची, २२ जण जेवायला, आणि मी स्वतः चार वर्षं बदली म्हणून गिरणीत काढली, मग दुसरीकडे लागलो. तेव्हा थोडं दुरुस्त करतो आणि थोडं सांगतो.

आधी दुरुस्ती. ८२ साली विठू रेल्वेने कणकवलीला जाऊच शकत नाही. कोकण रेल्वे मुंबईपासून पुढे सगळी सलग सुरू झाली ती १९९८ ला. तेव्हा एसटीने रात्रभर जायचं, घाटात पोटात ढवळायचं, सकाळी अंग मोडून उतरायचं. आणि त्या तिकिटाला पैसे लागायचे, हे विसरू नकोस. संपात सात महिने पगार नसलेला माणूस गणपतीला गावी जातो तर तिकिटाचे पैसे आणले कुठून? कोणाकडून घेतले? मग गावी रिकाम्या हाताने गेला का? आमच्या चाळीतले कितीतरी जण त्या वर्षी गणपतीला गेले नाहीत ते याच कारणाने, रजा तर सगळी मोकळीच होती. तुझ्या त्या प्रकरणात विठू आरामात गाडीत बसून डोंगर बघत असेल तर ते प्रकरण खोटं आहे गं.

आता खानावळीचं. आमच्या आईकडे एक लांबट वही असायची. प्रत्येकाचं एक पान, वर नाव, खाली तारखा, आणि पाळीप्रमाणे खुणा. पहिली पाळी सकाळी सातची, त्यांचा डबा पहाटे भरून द्यायचा. दुसरी पाळी दुपारी साडेतीनची, ते जेवून जायचे. रातपाळीवाले सकाळी येऊन जेवून झोपायचे. त्यामुळे वही बघितली की कोण कधी कामावर होता ते गिरणीच्या हजेरीपटाइतकं कळायचं. संप लागला तशा पाळ्यांच्या खुणा गेल्या. सगळे एकाच वेळी जेवायला येऊ लागले. आई म्हणायची, घरात एवढी माणसं एकदम कधी बघितली नव्हती. पैसे महिन्याच्या महिन्याला यायचे ते थांबले आणि उधारी चालू झाली. तिने कोणाला ताटावरून उठवलं नाही, पण मार्चपर्यंत मासळी बंद झाली, मग भात कमी झाला, मग तिने पाटल्या मोडल्या. तिच्या डोक्यावर बँकेचं कर्ज होतं. अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला काढलेलं, त्यांच्यामार्फत खानावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळायची, तोवर सावकाराकडेच जावं लागायचं. त्या कर्जाचा हप्ता आला की आई वही घेऊन बसायची. बोलायची नाही काही. पान उलटायची, परत मिटायची.

तुझी शेवंता नुसती प्रेमळ मावशी असेल तर तिला हा हप्ता दे.

पानगळ

काका, काय बोलू. तिकिटाचं वाचून मी ते प्रकरण उघडलं आणि खरंच विठू खिडकीतून डोंगर बघतोय. काढून टाकलं. आणि हो, माझी शेवंता नुसती प्रेमळच आहे, ती फक्त वाढते आणि पदराने डोळे पुसते.

स्क्रीनवाला, रात्री कागद मांडले. ११ ते १९ मधल्या विठूच्या पाच प्रकरणांपैकी चार हलली. फक्त गावाहून आईचं पोस्टकार्ड येतं ते हललं नाही, कारण त्याच्या आधी मनिऑर्डर चुकलेली असते. दर महिन्याच्या बाराला मनिऑर्डर जायची ती फेब्रुवारीत जात नाही, म्हणून आई शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेते.

मृण्मयी, मानसीला काय हवंय याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिला आजोबा समजून घ्यायचे आहेत एवढंच. ट्रंकेतल्या वस्तू: आईची पोस्टकार्डं, भजनाचे टाळ, खानावळीच्या वहीतली सुटी पानं (शेवंता गावी जाताना ज्याचं पान त्याला देऊन टाकते), एक धोतर आणि पगाराची एक चिठ्ठी, नोव्हेंबर १९८२ ची. बाकीचे कागद गेलेत. विठूचं कुटुंब पुढे बदलापूरला जातं आणि २६ जुलै २००५ ला घरात पाणी शिरतं तेव्हा ट्रंकेच्या तळाशी असलेल्या सगळ्याचा लगदा होतो, असं लिहिलंय. पगाराची चिठ्ठी अठराव्या प्रकरणात एकदा येते, मानसी तिचा फोटो काढते, कागद किती पिवळा पडलाय वगैरे.

मृण्मयी_आर

थांबा थांबा. नोव्हेंबर १९८२?

संप जानेवारीत सुरू झाला. नोव्हेंबरात विठूला पगार कसा मिळाला?

आख्यान

मृण्मयीच्या प्रश्नाचं उत्तर ताईंनी शांतपणे शोधावं, तोवर मी रचनेबद्दल लिहितो. वडील नारदीय कीर्तन करायचे आणि मी स्वतः नाट्यशास्त्र शिकलोय, त्यामुळे मला ही अडचण त्या अंगाने दिसते.

दोन काळ आलटून पालटून ठेवणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात धोक्याची मांडणी. वाचक विठूत रमला की मानसी येते, मानसीत रमायच्या आत विठू. कीर्तनात बघा, पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, मग मध्यंतरात हार-बुक्का होतो, आणि उत्तररंगात आख्यान लागतं. पूर्वरंगात ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न रुजवलेला असतो आणि आख्यान त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतं, शेवटी बुवा परत मूळ अभंगावर येतात तेव्हा तोच अभंग वेगळा ऐकू येतो. दोन्ही भाग सारख्या लांबीचे असायला हवेत असं काही नसतं आणि बुवा दर पाच मिनिटांनी इकडून तिकडे उड्या मारत नाहीत. तुमची मानसी हा पूर्वरंग आहे. तिला बारा प्रकरणं कशाला हवीत, सहा पुरतील, पण प्रत्येक वेळी ती विठूला एक नवा प्रश्न विचारून गेली पाहिजे.

नाट्यशास्त्रात बिंदू म्हणून एक कल्पना आहे. मध्ये दुसरंच काही आल्याने मूळ धागा तुटतो तेव्हा जो त्याला परत जोडतो तो बिंदू, पाण्यावर तेलाचा थेंब पसरतो तसा. तुमच्याकडे तो आयता आहे, काकांनी सांगितलेली वही. विठूच्या पानावर शेवंता खूण करते आणि चाळीस वर्षांनी मानसी त्याच खुणेवर बोट ठेवते, एवढ्यावर काळ बदलता येईल, "इकडे आजच्या मुंबईत" असलं काही लिहावं लागणार नाही.

आता मधला भाग. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण असे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितलेत. लोकांना वाटतं हा जुना रटाळ तक्ता आहे, पण मला विमर्श फार उपयोगी पडतो. गर्भात फळ दिसायला लागतं, कधी दिसतं, कधी हरवतं, आणि विमर्शात ते मिळतंय असं वाटत असतानाच अडतं. कशाने अडतं याची कारणं दिलेली आहेत, क्रोध, संकट, मोह. तुमच्या कादंबरीत संकट भरपूर आहे, पानोपानी आहे. क्रोधही मोर्च्यात आहे. मोह कुठेच नाही. दहा महिने पगाराशिवाय काढलेल्या माणसाला कोणी काहीच देऊ केलं नाही? गिरणीचा जॉबर, म्हणजे मुकादम, रात्री गाळ्यात आला नाही, उद्या पोलीस बंदोबस्तात आत घेतो म्हणाला नाही? जोवर विठूवर नुसतं येऊन कोसळतंय तोवर तो बिचारा आहे. ज्या रात्री त्याला हो किंवा नाही म्हणावं लागेल त्या रात्री तो नायक होईल.

उपकथानकांबद्दलही थोडंसं. लांब चालणारं आणि मुख्य गोष्टीला हात देणारं ते पताका, जसं रामकथेत सुग्रीवाचं. येऊन जाणारं छोटं ते प्रकरी, जशी शबरी. शेवंता ही पताका आहे, तिला तिचं स्वतःचं काम हवं. पोलिसांच्या आंदोलनाला तुम्ही किती शब्द दिलेत माहीत नाही, पण ते प्रकरी आहे, ते वाढवलंत तर ते गोष्ट गिळेल.

पानगळ

मृण्मयी, मी तुमचा प्रश्न दुपारी ऑफिसात वाचला आणि मला काही सुचेना. खरं सांगते, ती चिठ्ठी मी ट्रंकेत टाकली कारण तशी एक चिठ्ठी आमच्या घरी खरंच आहे. महिना तोच. मी इतकी वर्षं तो कागद बघतेय, त्यावरचे आकडे मला पाठ आहेत, आणि तारीख मी कधी नीट वाचलीच नव्हती. किंवा वाचली होती आणि विचार केला नव्हता. आजोबांबद्दल घरात एवढंच सांगितलं जायचं की ते संपात होते.

आख्यान, पोलिसांच्या आंदोलनाला ६ हजार शब्द दिलेत. कळलं.

मृण्मयी_आर

पानगळ, घरचं घरी राहू दे, त्यावर मी काही बोलणार नाही. मी फक्त विठूबद्दल बोलते.

तुमच्या कादंबरीचं कथानक त्या चिठ्ठीत आहे आणि ते तुम्ही अठराव्या प्रकरणात एका फोटोत संपवलंत. विठू परत कामावर गेला. नोव्हेंबरात, किंवा त्याआधी ऑक्टोबरात. गाळ्यातले बाकीचे बाहेर असताना. म्हणजे शेवट कुठे करायचा हा तुमचा प्रश्नच बदलतो. संपाला शेवट नाही हे खरं, पण तुम्ही संपाची गोष्ट सांगतच नाही आहात. विठू आत जाईल का, हा तुमचा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर आहे, तारखेसकट.

आता मानसी. माझ्या सासऱ्यांनी गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज केला होता म्हणून मला हे माहीत आहे. म्हाडाच्या सोडती २०१२ पासून निघाल्या, कामगार हयात नसेल तर वारसाला अर्ज करता येतो, आणि त्यासाठी तो माणूस १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत होता याचा पुरावा लागतो. ओळखपत्र, हजेरीपटावरचं नाव, पगाराची चिठ्ठी असलं काहीतरी. आमच्या घरात त्या कागदांसाठी सहा महिने शोधाशोध चालली होती. समजा मानसीच्या बाबांना घरासाठी अर्ज करायचाय. म्हातारपणी बदलापूरहून हाकलले जातायत, भाड्याचं घर आहे, काहीही. बाकीचे सगळे कागद पुरात गेलेत, हे तुम्ही आधीच लिहून ठेवलंय. उरलाय एकच.

ज्या कागदाने घर मिळणार आहे तोच कागद सांगतो की आजोबांनी संप मोडला. आणि ज्या बाबांनी आयुष्यभर "माझा बाप संपात होता" असं छाती पुढे काढून सांगितलं, त्यांच्यासमोर तो कागद मानसीने ठेवायचा आहे, अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आत.

आता मानसीला काय हवंय ते कळलं, तिचं काय जाणार आहे तेही कळलं. यातलं मी काहीही नवीन घातलं नाही, ट्रंक तुमचीच, पूर तुमचाच, चिठ्ठीसुद्धा तुमचीच. पहिल्या ड्राफ्टात आपण असं बरंच काही न कळत ठेवून देतो, म्हणून मी ट्रंकेतल्या वस्तू विचारत होते. मी स्वतःच्या लिखाणातही हेच करते, कुठली वस्तू एकदाच येऊन गेलीय ते शोधायचं आणि तिच्यामुळे कोणाचं काय बिघडू शकतं ते बघायचं.

रेघोट्या

हे वाचून मी माझं वरचं थोडं मागे घेतो. आराखडा आधी बनवून त्यात माणसं कोंबणं मला अजूनही मान्य नाही, पण हे तसं नाहीये, हे लिहिलेल्यातूनच निघालंय. फक्त एक विनंती, विठू आत का गेला याचं एकच कारण देऊ नका. पोरगं आजारी पडलं म्हणून गेला असं केलंत तर वाचक त्याला लगेच माफ करेल आणि पुस्तक मिटेल.

स्क्रीनवाला

रेघोट्यांना अनुमोदन. आणि ताई, वाचकाला चिठ्ठी कधी दाखवायची हे आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटी धक्का म्हणून ठेवू नका असं मी मालिकावाला असून सांगतोय. पहिल्या पंधरा पानांत दाखवा. वाचकाला माहीत असू दे की हा माणूस नोव्हेंबरात आत जाणार आहे, मग जानेवारीतला मोर्चा, घोषणा देणारा विठू, गाळ्यात सगळ्यांसमोर शपथ घेणारा विठू, हे सगळं वाचताना पोटात कालवाकालव होईल. तुमच्या मैत्रिणींना तेराव्या प्रकरणात जे मिळत नव्हतं ते यातून मिळेल, आणि ब्रेकच्या आधी वगैरे तोडण्याचं मी म्हणालो होतो त्याची मग फारशी गरज पडणार नाही.

पानगळ

दोन दिवस लिहिलं नाही. नंतर काल पहाटे बसले आणि नवीन क्रम मांडला, तो इथे टाकतेय, जिथे पोकळ वाटेल तिथे सांगा.

पहिलं प्रकरण मानसी आणि बाबा, अर्ज, चिठ्ठी. ती चिठ्ठी बाबांना न दाखवता पर्समध्ये ठेवते. मग विठू, पण १८ जानेवारीपासून नाही, त्याच्या आधीच्या, १९८१ च्या दिवाळीपासून, बोनसवरून धुसफूस सुरू होते तिथून, कारण तेव्हा तो नुकताच कायम झालाय आणि त्याला हे सगळं नको आहे. त्याला संपात ओढतो त्याच्याच शेजारी झोपणारा गाववाला. मग तो मनापासून संपात उतरतो, सगळ्यांत पुढे. फेब्रुवारीची चुकलेली मनिऑर्डर. शेवंताचा हप्ता. गणपतीला गावी जाण्यासाठी तो शेवंताकडून तिकिटाचे पैसे घेतो, ती ते हप्त्यातून काढून देते आणि त्याला सांगत नाही, त्याला परत आल्यावर दुसऱ्याकडून कळतं. ऑक्टोबरात जॉबर येतो. विठूने आत जाण्याची कारणं आता चार आहेत आणि त्यातलं एक चांगलं नाही, त्याला त्या गाववाल्याचा राग आलेला असतो. मानसीची प्रकरणं बारावरून सहावर आणली. पोलिसांचं आंदोलन दोन पानांत.

शेवट अजून लिहिला नाहीये पण जागा कळलीय. विठू पहिल्या पाळीला आत जातो त्या पहाटे शेवंता डबा भरून देते की नाही, तिथे. गाळ्यातल्या सगळ्यांची उधारी तिच्या वहीत आहे, ती कोणाच्या बाजूची आहे हे तिला तोवर कोणी विचारलेलंच नाही. आणि मग मानसी, वहीचं तेच पान.

काका, एक विचारायचं राहिलं. तुमच्या आईच्या वहीत पहिल्या पाळीच्या डब्याची खूण कशी असायची? आणि संपात अशी खूण कोणाच्या पानावर परत आली असती तर बाकीच्यांना दिसली असती का?

परळकर_काका

डब्याला नुसता एक गोल. जेवून गेला तर उभी रेघ, डबा नेला तर गोल. आईला लिहिता येत नव्हतं, नावं मी घालून द्यायचो, खुणा तिच्या.

वही चुलीशेजारी फळीवर असायची आणि हिशोब बघायला कोणीही उघडायचा, तेव्हा दिसलीच असती. आमच्याकडे त्या वर्षी दोघांच्या पानावर गोल परत आले. आईने ते पेन्सिलने काढले होते. बाकी सगळी वही शाईची.